अक्षरांचे मानपान

आमच्या भाषेंत माणसांचे मानपान फार आहेत. अक्षरांचे मुळींच नाहींत. पंक्तींत कोणीं कोठें बसावयाचें, पत्राच्या मायन्यांत 'तीर्थरूप' कोणास आणि 'चिरंजीव' कोणास, ह्याविषयीं आमचे पूर्वज अतिशय दक्ष असत. परंतु ज्या अक्षरांनीं हा सगळा मायना लिहावयाचा, त्या अक्षरांत उच्चनीचभाव त्यांनीं कधीं आणिला नाहीं. 'तीर्थरूपां'तला 'त' आणि 'तपकिरीं'तला 'त' एकाच उंचीचे. राजाचें नांव असो कीं राजाच्या घोड्याचें असो, शिरोरेघ एकच, आणि तिच्याखालीं सर्व अक्षरें सारख्याच मानानें टांगलेलीं. उलट इंग्रजी भाषेकडे पाहावें. धाकट्यास आणि वडिलास तिच्यांत सर्वनाम एकच. 'तूं' आणि 'आपण' हा भेद तिनें केव्हांच टाकून दिला. अक्षरांचीं मात्र तिनें दोन कुळें ठेविलीं आहेत, मोठीं आणि लहान. वाक्याच्या आरंभीं मोठें, विशेषनामास मोठें, देवास मोठें. आणि सर्वांत मौज ही कीं, 'मी' ह्या एकट्या सर्वनामास सदैव मोठें. आम्ही ह्या निबंधांत स्वतःस 'आम्ही' म्हणून घेतों, त्याचें ज्या वाचकांस हसूं येत असेल त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, आमचा मोठेपणा निदान उच्चारांत तरी ऐकूं येतो. इंग्रजाचा केवळ शाईंत असतो.

ह्या भेदाकडे आम्ही पुष्कळ वर्षें एक गंमत म्हणूनच पाहत आलों. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीं इंग्रजी शिकवितांना आमच्या हातांखालून हजारों वह्या गेल्या. परंतु मोठें अक्षर चुकलें म्हणून कोणाचें जन्माचें नुकसान झालें, असें आम्हीं पाहिलें नाहीं. उत्तरपत्रिकेंत शेक्सपिअरचें नांव लहान अक्षरानें आरंभिलें तरी तपासणारास तें कळतें. फार तर अर्धा गुण जातो. अलीकडे मात्र हाच भेद आमच्या विद्यार्थ्यांच्या वाटेंत आडवा येऊं लागला आहे, आणि तोहि अशा ठिकाणीं, कीं जेथें वाचणारा समजून घेणारा नसतो. हा वाचणारा म्हणजे संगणक होय.

संगणकास द्यावयाच्या आज्ञांची जी संहिता, तिला 'कोड' असें म्हणतात. ती रोमन अक्षरांत लिहिलेली असते, हें आतां घरोघर ठाऊक आहे. आमच्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनीं एके दिवशीं आम्हांस त्यांच्या वर्गांत बोलाविलें. जिल्ह्यांतल्या एका लहान गांवाहून आलेली, दहावीपर्यंत मराठी शाळेंत शिकलेली एक मुलगी विषय बदलून मागण्याचा अर्ज घेऊन त्यांच्याकडे आली होती. गणितांत ती हुषार. परंतु तिचा कोड चालेना. 'पायथन' नांवाच्या भाषेंत तिनें लिहिलेल्या दहा-बारा ओळी त्यांनीं आमच्यापुढें ठेविल्या. विचार बिनचूक होता. फक्त 'प्रिंट' ह्या आज्ञेचा 'पी' तिनें मोठा काढला होता, आणि मोठ्या 'पी'ची 'प्रिंट' त्या भाषेस ठाऊक नाहीं. पुढें 'ट्रू' ह्या शब्दाचा 'टी' तिनें लहान काढला होता. तेथें मात्र मोठाच पाहिजे. "सर, कुठं मोठा आणि कुठं लहान, हे ठरवतं कोण?" असें तिनें विचारलें. त्या प्रश्नानें आम्ही थोडे विचारांत पडलों.

तिनें असें कां लिहिलें, हें पाहण्याजोगें आहे. ओळीचा पहिला शब्द मोठ्या अक्षरानें आरंभावा, हा नियम तिनें इंग्रजीच्या तासाला मन लावून शिकला होता. तोच तिनें येथें पाळला. घरीं संगणक नाहीं, म्हणून ती सराव फोनवर करी. आणि फोनला तर हा नियम इतका पाठ असतो कीं, ओळीचें पहिलें अक्षर तो न सांगतां मोठें करतो. परंतु खरें कारण ह्याहून खोल आहे, असें आम्हांस वाटतें. आमच्या लिपीचा सारा संसार उच्चारावर चालतो. जें कानाला वेगळें तें हाताला वेगळें. 'दिन' आणि 'दीन' ह्यांतला फरक लिहिण्याआधीं ऐकूं येतो, निदान येतो असें आम्ही मानतों. मोठा 'पी' आणि लहान 'पी' मात्र कानाला एकच. शिक्षक फळ्यापुढें उभे राहून 'प्रिंट' म्हणतात, तेव्हां त्यांतला 'पी' केवढा, हें त्यांच्या आवाजांत कोठेंच नसतें. मराठी शाळेंतून आलेलें मूल ऐकून लिहितें. तें आपल्या लिपीच्या धर्माशीं इमान राखून चालतें, आणि तेथेंच अडखळतें. ह्या मुलीस कोणी 'तुला इंग्रजी येत नाहीं, म्हणून तुला संगणक जमणार नाहीं' असें सांगितलें असतें, तर तिनें तें खरें मानलें असतें. वास्तविक तिला जें आलें नव्हतें तें इंग्रजी नव्हेच, ती एक लेखनाची चाल होती.

मग ही चाल पडली कशासाठीं? निव्वळ छळण्यासाठीं म्हणावें, तर तसें नाहीं. कोड लिहितांना प्रत्येक वस्तूस नांव द्यावें लागतें, आणि तें नांव म्हणजे एकच अखंड शब्द असावा लागतो. मध्यें जागा सोडली कीं, नांव तेथें संपलें असें यंत्र समजतें. 'परीक्षेचे एकूण गुण' ह्या वस्तूस नांव द्यावयाचें तर तिन्ही शब्द एकास एक चिकटवावे लागणार. असे चिकटलेले शब्द यंत्र सुखानें वाचतें. माणसास मात्र ते जड जातात. प्रश्न असा कीं, शब्दांमधली मोकळी जागा हिरावून घेतली असतां, एक शब्द कोठें संपला आणि दुसरा कोठें लागला, हें वाचणाऱ्या डोळ्यास सांगावें कसें?

हा प्रश्न अगदीं नवा वाटला तरी आमच्या जिल्ह्याच्या जुन्या दप्तरांत तो पानोपानीं पडलेला आहे. मोडी लिपि ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें सांगावयास नको. कागदावर आधीं आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या, आणि मग बोरू शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरांमागून अक्षरें टांगीत जावयाचें. शब्दांत जागा नाहीं, विरामचिन्हें नाहींत, ऱ्हस्वदीर्घांचा भेद नाहीं. लिहिणारास ह्याहून सोयीची लिपि नाहीं. सगळा भार वाचणारावर. समजा, एखाद्या जुन्या यादींत 'दोनशेळ्या' अशीं अक्षरें सलग आलीं आहेत. आमच्याकडील शेळी देशभर 'उस्मानाबादी' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे, तेव्हां यादींत शेळ्या येणें साहजिकच. वाचणाराचा डोळा काय करतो? तो आधीं 'दोनशे' एवढें उचलतो, आणि पुढें 'ळ्या' पाहून दचकतो. कारण 'ळ'नें आरंभ होणारा शब्द मराठींत नाहीं. मग तो मागें फिरतो, 'दोन' येथें तोडतो आणि 'शेळ्या' वाचतो. ह्या येरझारेला पळभर लागतो, आणि दोनशे शेळ्यांच्या दोनच राहतात. एका शब्दाला हा पळभर कांहींच नव्हे. परंतु पानांत असे पन्नास शब्द असले म्हणजे वाचणारा थकतो, आणि थकलेला वाचणारा चुकतो.

हा केवळ विनोद नाहीं. २०२३ साली मराठवाड्यांतील जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं राज्य शासनानें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली, तेव्हां उर्दू आणि मोडी दप्तरें वाचणाऱ्यांची एकाएकीं निकड भासली. ज्या नोंदींवर कुटुंबांचे दाखले अवलंबून, त्या कपाटांत होत्या. त्या वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोडी जाणणारा मनुष्य तीं सलग अक्षरें भराभर कशी वाचतो, ह्याचें मर्म त्यास विचारावें. त्याच्या डोळ्यास कांहीं विशेष तेज असतें, असें नव्हे. त्याला चाली ठाऊक असतात: पत्राचा आरंभ कोणत्या शब्दांनीं होतो, तारीख कोठें येते, रकमेच्या आधीं काय लिहितात, शेवट कोणत्या ठराविक वाक्यानें करतात. लिहिणारानें चाल सोडली नाहीं, म्हणून वाचणारास वाट सांपडते. जेथें लेखक मनास येईल तसें लिहितो, तेथें मोडीचा जाणताहि हात टेकतो.

युरोपांतहि ह्याहून वेगळें नव्हतें. रोमन लोकांचे शिलालेख मोठ्या अक्षरांचे, आणि त्यांच्या ग्रंथांत शब्द एकास एक लागून. लॅटिन ज्यांची मातृभाषा त्यांचें तसें भागत असे. परंतु आयर्लंडांतील मठवासी साधूंस लॅटिन ही परकी भाषा. त्यांस तो सलग मजकूर वाचवेना, म्हणून सातव्या-आठव्या शतकांत त्यांनीं शब्दाशब्दांत जागा सोडण्याचा परिपाठ पाडिला. म्हणजे ही सोय निघाली ती, भाषा परकी असलेल्या विद्यार्थ्यांच्या अडचणींतून! पुढें शार्लमेन बादशहाच्या काळीं, इसवी सन ८०० च्या सुमारास, लहान अक्षरांचें एक सुबक वळण ठरलें. मोठीं अक्षरें मथळ्यांस आणि आरंभांस राहिलीं. छापखाने निघाल्यावर जुळारी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या खणांच्या पेटींत आणि लहान अक्षरांचे खालच्या पेटींत ठेवूं लागले, त्यावरून इंग्रजींत त्यांस 'अपर केस' आणि 'लोअर केस' हीं नांवें पडलीं. ज्यास आम्ही अक्षरांचा मानपान म्हणतों, तो मुळांत लाकडी पेटीचा वरचा-खालचा कप्पा आहे.

यंत्रयुग आलें तेव्हां ही सगळी कमाई कांहीं काळ वायां गेली. तारायंत्राच्या पांच खुणांच्या सांकेतिक पद्धतींत अवघ्या ३२ जुळण्या होत, त्यांत अक्षरांचीं दोन कुळें मावावयाचीं नाहींत. म्हणून एकच ठेविलें. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीनें 'फोरट्रान' ही भाषा काढली. तिचे कोड भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर, सगळे मोठ्या अक्षरांत लिहीत; आणि नांव सहा अक्षरांहून लांब असून चालत नसे. त्याहून विलक्षण गोष्ट ही कीं, फोरट्रान शब्दांमधली मोकळी जागा मुळीं मानीतच नसे. जागा सोडा अगर सोडूं नका, यंत्रास दोन्ही सारखेंच. आपली मोडीच म्हणावयाची. 'डू १० आय = १, १०' असें लिहिलें म्हणजे अमुक काम दहा वेळां कर, असा अर्थ होई. त्यांतल्या स्वल्पविरामाच्या जागीं चुकून टिंब पडलें तर यंत्र सगळीं अक्षरें एकत्र करी, 'डू१०आय' नांवाची एक नवीच वस्तु मानी, आणि तिची किंमत १.१० आहे, असें समजून निमूट पुढें जाई. ना तक्रार, ना खूण. दहा वेळां व्हावयाचें काम एकदांच होई, आणि लिहिणारा कपाळाला हात लावून बसे.

लहान अक्षरांस यंत्राच्या घरांत जागा मिळावयास वेळ लागला. संगणकांत आज सर्वमान्य असलेली 'आस्की' ही संकेतावलि १९६३ साली प्रसिद्ध झाली, ती मोठ्या अक्षरांचीच. लहान अक्षरें तिच्यांत १९६७ च्या आवृत्तींत आलीं. त्यानंतर १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं 'सी' ही भाषा रचिली. तिनें लहान अक्षरांत लिहिण्याची प्रथा पाडली, आणि मोठें व लहान अक्षर हीं दोन स्वतंत्र अक्षरें मानलीं. येथून त्या मुलीच्या अडचणीचा उगम आहे. परंतु येथूनच वाचणाराची सोयहि सुरू झाली. दोन कुळें हातीं आल्यावर चिकटलेल्या शब्दांच्या सीमा दाखवितां येऊं लागल्या. एक रीति अशी कीं, प्रत्येक नव्या शब्दाचें पहिलें अक्षर मोठें काढावयाचें. मधूनमधून वर आलेलीं अक्षरें उंटाच्या मदारीसारखीं दिसतात, म्हणून तिला 'कॅमल केस' म्हणतात. १९९५ साली निघालेल्या 'जावा' भाषेनें ही उंटाची चाल घरोघर नेली. दुसरी रीति, सगळीं अक्षरें लहान ठेवून दोन शब्दांमध्यें एक आडवी रेघ खालीं टाकावयाची. जमिनीस लागून सरपटणारें हें नांव 'स्नेक केस', म्हणजे सापाची चाल. पायथनच्या मंडळींनीं २००१ साली आपले लेखननियम लिहून काढिले, त्यांत साध्या नांवांस सापाची चाल सांगितली, वस्तूंच्या सांच्यांस मोठ्या अक्षरांची, आणि न बदलणाऱ्या किमतींस सगळीं अक्षरें मोठीं. अशानें पान नुसतें डोळ्यांखालून घातलें तरी कोणतें नांव कोणत्या जातीचें, हें न वाचतां कळतें.

आतां उंट बरा कीं साप बरा, ह्यावर ह्या मंडळींत पक्ष पडले आहेत, आणि ते आपल्याकडील स्मार्त-भागवतांच्या एकादशीइतक्याच निष्ठेनें भांडतात. कांहींनीं मात्र भांडण सोडून प्रयोग केले. २००९ साली अमेरिकेंत डेव्हिड बिंकली व त्यांचे सहकारी यांनीं १३५ जणांवर प्रयोग केला. उंटाच्या चालींत नांवें अधिक अचूक ओळखलीं जातात, आणि ज्यांस तिची संवय आहे ते तीं अधिक लवकर ओळखतात, असें त्यांस आढळलें. पुढच्याच वर्षीं बोनिता शरीफ आणि जोनाथन मॅलेटिक यांनीं वाचणाराच्या बुबुळांची हालचाल टिपणारें यंत्र लावून तोच प्रश्न पाहिला. अचूकपणांत त्यांस भेद दिसला नाहीं, आणि वेग सापाच्या चालींत अधिक आढळला. दोन प्रयोग, दोन उत्तरें. आमच्यासारख्या साहित्याच्या माणसानें ह्यांतून काढावयाचा बोध एवढाच कीं, चिन्ह कोणतें ह्यापेक्षां संवय कोणती, ह्याला महत्त्व अधिक आहे. एकाच पानावर उंट आणि साप दोन्ही सोडले, तर मात्र वाचणाराची धडगत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, कोड तर यंत्रासाठीं लिहावयाचा. यंत्रास दिसण्याशीं काय कर्तव्य? हा आक्षेप आमच्या त्या वर्गांतहि निघाला. परंतु कोड एकदां लिहितात आणि अनेकदां वाचतात. लिहिणारा नोकरी सोडून पुण्यास जातो. मागें राहिलेल्यास त्यांत दुरुस्ती करावी लागते. ह्याचें एक उदाहरण आमच्या डोळ्यांदेखत घडलें. २०२३ साली आमच्या जिल्ह्याचें नांव उस्मानाबादचें धाराशिव झालें. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलें नांव जाऊन शहराचें जुनें नांव परत आलें. माणसांस त्याची अडचण पडली नाहीं; आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीं धाराशिव कधींपासून होतेंच. परंतु एका संस्थेंत विद्यार्थ्यांची यादी संगणकावर होती. तीत जिल्ह्याचें नांव रोमन लिपींत कोणीं सगळें मोठ्या अक्षरांत, कोणीं पहिलें अक्षर मोठें काढून, आणि कोणीं सगळें लहान अक्षरांत भरलेलें. जुनीं-नवीं दोन नांवें आणि प्रत्येकाचीं तीन रूपें. यंत्रानें आमच्या एका जिल्ह्याचे सहा जिल्हे केले. जिल्हावार शिष्यवृत्तीच्या पहिल्या यादींतून त्यामुळें कित्येक मुलें गळलीं. दोन दिवस खपून तेथील लेखनिकानें तीं नांवें एक केलीं, तेव्हां तीं परत आलीं. लहानमोठ्या अक्षरांचा प्रश्न पोराच्या फीच्या पावतीपर्यंत येऊन पोंचतो, तो असा.

येथवर गोष्ट सोयीची होती. ह्यापुढें ती हक्काची होते. कांहीं भाषांत अक्षराचा लहानमोठेपणा ही नुसती चाल राहिलेली नाहीं, तो कायदा झाला आहे. २००९ साली गूगल कंपनीनें 'गो' नांवाची भाषा प्रसिद्ध केली. तींत ज्या नांवाचें पहिलें अक्षर मोठें, तें बाहेरच्या सर्वांस उघडें. लहान अक्षराचें नांव घरांतल्या घरांत. ही युक्ति मोठी सुटसुटीत. पण ज्या लिपींत मोठीं अक्षरेंच नाहींत, तिनें काय करावें? शिवाय ह्या भाषेंत नांवासाठीं केवळ पूर्ण अक्षरें आणि अंक चालतात, वर-खालीं जोडावयाच्या खुणा चालत नाहींत. आणि आमच्या काना, मात्रा, वेलांट्या ह्या संगणकाच्या हिशेबीं अशा खुणाच आहेत. त्यामुळें देवनागरीसारख्या लिपि वगळल्या जातात, हें त्या भाषेच्या कर्त्यांनीं स्वतःच स्पष्ट लिहून ठेविलें आहे. परिणाम असा कीं, 'घर' हें नांव तेथें चालतें, कारण त्याला काना-मात्रा नाहीं; 'नाव' मात्र चालत नाहीं. आणि 'घर' चाललें तरी तें बाहेर दिसूं शकत नाहीं, कारण त्याचा 'घ' मोठा होत नाहीं. ज्यांनीं हा नियम केला त्यांच्या मनांत आमच्याविषयीं कांहीं वांकडें होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या डोळ्यांपुढें रोमन अक्षरें होतीं, इतकेंच.

पायथनचें दार ह्याहून रुंद आहे. २००८ साली निघालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नांवें देवनागरींत देतां येतात. आज्ञा इंग्रजीच राहतात, पण 'गुण', 'वय', 'पाऊस' हीं नांवें मराठींत लिहिलीं तर चालतात. आमच्या सहकाऱ्यांनीं त्या मुलीस पहिले कांहीं आठवडे असेंच लिहावयास सांगितलें, आणि मोठ्या अक्षराची काळजी इंग्रजी आज्ञांपुरतीच उरली. तिनें अर्ज परत घेतला. पण मग दुसराच प्रश्न उभा राहिला. इंग्रजींत 'विद्यार्थी' ह्या अर्थाचा शब्द मोठ्या अक्षरानें आरंभिला कीं तो सांचा, लहान अक्षरानें आरंभिला कीं त्या सांच्यांतून निघालेला एक विद्यार्थी. मराठींत दोघेहि 'विद्यार्थी'च! एकानें दुसऱ्यास पुसून टाकिलें.

ह्यावर मराठीस उपाय नाहीं काय? आमचें मत असें कीं, उपाय आहे, आणि तो आमच्या भाषेनें फार पूर्वीं शोधिलेला आहे. मोठीं अक्षरें नसतांना शेंकडों वर्षें आम्ही विशेषनामें आणि सामान्यनामें ओळखीत आलोंच कीं नाहीं? तुळजापुरास देवीचें नांव भवानी. आणि दुकानदाराची सकाळची पहिली विक्री तीहि भवानीच. दोन्ही शब्द एकाच बाजारपेठेंत दिवसभर उच्चारले जातात, पण 'भवानी झाली' म्हणणाऱ्या दुकानदारास कोणीं कधीं 'कोणती?' म्हणून विचारलें नाहीं. रात्रीं वीज गेल्यावर 'प्रकाश आला' असें कोणी ओरडलें, तर तो दिव्याचा कीं शेजारच्याचा, असा संशय येऊं शकतो. म्हणून आम्ही 'प्रकाशराव आले' म्हणतों. इंग्रजी जें काम अक्षर फुगवून करते, तें मराठी एक शब्द जोडून करते. राव, पंत, बाई, ताई ह्या आमच्या मोठ्या लिपि होत.

तेंच कोडांत करावें. शब्दांच्या सीमा दाखविण्यास सापाची चाल आम्हांस पुरती लाभते. आडवी रेघ कोणत्याहि लिपीच्या पायाशीं बसते, तिला लहानमोठेपणा लागत नाहीं. सांच्यास 'विद्यार्थी_सांचा' म्हणावें आणि त्यांतल्या एकास 'एक_विद्यार्थी'. न बदलणाऱ्या किमतीपुढें 'स्थिर' हा शब्द ठेवावा. एक आणि अनेक ह्यांचा भेद तर मराठी नामें बहुधा स्वतःच सांगतात: 'शेळी' म्हणजे एक, 'शेळ्या' म्हणजे यादी. आज्ञा क्रियापदानें द्यावी. यंत्रास 'मोज' म्हणावें कीं 'मोजा', ह्यावर वर्गांत बराच खल झाला. ज्या भाषेंत आईस आणि देवास 'तूं' म्हणतात, तींत यंत्रास 'तूं' म्हटल्यानें त्याचा अवमान होणार नाहीं, असें आम्हीं सुचविलें. तें मान्य झालें.

एक अडचण मात्र आमच्या घरचीच आहे, ती लपवूं नये. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखननियम सरकारमान्य झाले आणि न उच्चारिले जाणारे अनुस्वार गेले. आम्ही मात्र, वाचकांस दिसतच असेल, वडिलांच्या हातची जुनी रीति सोडलेली नाहीं. आम्ही 'नांव' लिहितों, आमचे विद्यार्थी 'नाव' लिहितात. वाचणारास दोन्ही एकच. यंत्रास तीं दोन निराळीं नांवें. इंग्रजास जो ताप मोठ्या-लहान अक्षरांचा, तो आम्हांस अनुस्वाराचा आणि ऱ्हस्वदीर्घाचा होणार. त्याला औषधहि तेंच: आरंभीं एक रीति ठरवावी, ती कागदावर लिहून ठेवावी, आणि जो जो त्या कोडांत हात घालील त्यानें ती पाळावी. वर्गापुरती 'नाव' हीच रीति ठरली आहे. तेथें फळ्यावर लिहितांना आम्हीहि अनुस्वार देत नाहीं.

मोठें अक्षर, आडवी रेघ, मोकळी जागा, पत्राचा मायना, हीं सगळीं एकाच कामाचीं साधनें आहेत. लिहिणारा समोर नसतो, त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं वाचणारानें कोठें थांबावें आणि काय कशाचें नांव समजावें, हें तीं सांगतात. त्यांत कोणती लिपि श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. परंतु ज्यास ती चाल उपजत नाहीं, त्याला ती उघड शब्दांत शिकविणें हें शिक्षकाचें काम आहे. ती आपोआप येते असें धरून चालूं नये. आमच्या सहकाऱ्यांनीं आतां वर्गांत बोलण्याची पद्धत बदलली आहे. आज्ञा सांगतांना ते अक्षराचें कूळहि सांगतात: 'प्रिंट, पी लहान, ट्रू, टी मोठा.' बाहेरून ऐकणारास हें थोडें विचित्र वाटतें. मागच्या बांकांवरचीं मुलें मात्र आतां खालीं मान घालून लिहीत असतात.